सबनीसांचं शय्यादान

मुलुंड पूर्वेच्या प्राजक्त सोसायटीत कुणाच्या घरात काय असावं, हे त्या घरातली माणसं सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असतं. नंदकिशोर सबनीसांच्या घरात आता सिंगल बेड असावा, हे सोसायटीने नीलाबाई गेल्याच्या महिन्याभरातच ठरवून टाकलं होतं. खुद्द सबनीसांच्या कानावर ते बेताबेताने घालण्यात आलं, कारण माणूस दुःखात होता आणि सोसायटी तशी मनाने चांगली होती.

सुरुवात समोरच्या फ्लॅटमधल्या माणिकताईंनी केली. त्या नीलाबाईंच्या मैत्रीण. नीलाबाई गेल्यापासून रोज चार वाजता त्या सबनीसांना चहाला बोलावत. चहाबरोबर बिस्किटं नसत, सल्ला असे.

"भावोजी, एकट्या माणसाला सहा बाय सव्वासहाचा पलंग. चादर कशी धुता हो?"

"मशीन धुतं."

"आणि वाळत कोण घालतं? डबलच्या चादरीला दोन माणसं लागतात."

हे खरं होतं. चादरीचं दुसरं टोक धरायला घरात कुणी नव्हतं. सबनीस एका टोकापासून ती दोरीवर टाकत जात आणि दुसरं टोक खालच्या मजल्यावरच्या परबांच्या गॅलरीत लोंबत राही. चंद्रप्रकाश परब सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी यावर दोनदा तोंडी आणि एकदा लेखी नापसंती कळवली होती.

पलंग चौऱ्याण्णव सालचा. अंबादास नावाच्या सुताराने तो बेडरूममध्येच बसून आठ दिवसांत बनवला होता. खाली बॉक्स, वर प्लायच्या फळ्या. तो दारातून बाहेर जाईल का, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. पलंग बाहेर कशाला जायला हवा? गेली एकतीस वर्षं सबनीस त्याच्या उजव्या बाजूला, खिडकीकडे झोपत आले होते आणि नीलाबाई डाव्या बाजूला, कपाटाकडे. आता डावीकडे नुसती उशी होती. सबनीस झोपेतसुद्धा मधली रेघ ओलांडत नसत. अर्थात झोपेत म्हणायला झोप यावी लागते. ती अकरा महिने नीट आलीच नव्हती. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर त्यावरही सोसायटीकडे उपाय असता.

वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं तेव्हा निहार गुरुजी बोलणी करायला आले. वय अठ्ठावीस, हातात हेल्मेट, सामानाची यादी मोबाइलवर.

"काका, शय्यादान करायचंय ना? पलंग, गादी, उशी, चादर, छत्री, चपला, पाण्याचं भांडं. आपण इथे जे देतो ते गेलेल्या माणसाला तिकडे मिळतं, अशी समजूत आहे. तिकडे त्यांना नीट झोपायला मिळावं म्हणून." मग त्यांनी पिशवीतून तळहातावर मावेल असा चांदीचा पलंग काढला. "हल्ली बरेच जण हाच देतात."

सबनीसांनी तो उलटसुलट करून पाहिला. ते वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. चौतीस वर्षं त्यांनी वाण्यांचे तराजू, रॉकेलची मापं आणि कापडवाल्यांचे मीटर तपासले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मोजपट्टी खिशातच असे.

"चार इंच बाय अडीच," ते म्हणाले. "हा तिकडे मोठा होतो का?"

"भावना असते, काका."

"भावना ठीक आहे. पण माणूस पाच फूट एक इंच आहे."

गुरुजींनी चांदीचा पलंग परत घेऊन पिशवीत ठेवला. मग हेल्मेट खाली ठेवून म्हणाले, "खरं सांगू का? चार वर्षांत मला एकोणीस छत्र्या आल्यात. पलंग एकही नाही. सप्टेंबरात माझं लग्न झालं. डोंबिवलीला जमिनीवर गादी टाकून झोपतो आम्ही. तुम्ही खरा पलंग दिलात, तर तो वापरला जाईल, एवढं मी सांगू शकतो."

सबनीसांना एकदम सगळं सोपं वाटायला लागलं. हाच पलंग द्यायचा. नीला ज्यावर एकतीस वर्षं झोपली तोच तिला तिकडे मिळेल, म्हणजे जागा नवी असली तरी पलंग ओळखीचा. गुरुजी जमिनीवरून वर येतील. आपल्याला सिंगल बेड येईल आणि माणिकताई दुसऱ्या विषयाकडे वळतील. बंगळुरूहून मुलगा देवव्रत व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, बेस्ट आयडिया. तुमचा सिंगल मी ऑनलाइन टाकतो, हायड्रॉलिकवाला." सबनीस म्हणाले, "वस्तू हाताळल्याशिवाय घ्यायची नाही. मी बघतो."

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी परवानगी मागितली.

सोसायटीत अवजड सामान हलवायला फॉर्म भरावा लागतो. परबांनी तो खणातून काढला आणि चष्मा लावला. सेक्रेटरी म्हणून बोलताना परब छापील मराठी बोलत, चिडले की मालवणीवर येत.

"सामान बाहेर नेण्याचे कारण?"

"दान."

"दान हा पर्याय उपलब्ध नाही. घर बदल, विक्री, दुरुस्ती, भंगार, इतर."

"मग इतर लिहा."

"इतर लिहिल्यास विषय कमिटीपुढे जातो. कमिटीची सभा पुढच्या महिन्यात आहे."

"श्राद्ध ह्या महिन्यात आहे, परब. भंगार लिहा."

"भंगार लिहिल्यास ते दान कसे होईल? उद्या मयताच्या नावाने सोसायटीने खोटी नोंद केली असे व्हायला नको."

हा मुद्दा बिनतोड होता. सबनीसांनी सरकारी नोकरीत असे मुद्दे स्वतः पुष्कळ काढले होते. ते आपल्याविरुद्ध वापरले गेले की कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी 'दुरुस्ती' यावर तोड निघाली. पलंग दुरुस्तीला जातो आहे आणि परत यायची तारीख नक्की नाही. पण नवा सिंगल बेड आत आणायला दुसरा फॉर्म, आणि दोन्ही एकाच दिवशी नकोत, कारण लिफ्ट नसल्यामुळे एक पलंग वरून आणि एक खालून जिन्यात समोरासमोर आले तर काय करायचं, याची घटनेत तरतूद नव्हती.

"मग मधले दिवस मी झोपू कुठे?"

परबांनी चष्मा काढला. "ता माका इचारू नकात. हय रिडेवलपमेंट चाल्लाहा. बिल्डरचो माणूस मोजणीक येतलो. तुमचा बेडरूम रिकामा दिसला तर तेका वाटतला, सबनीस घर सोडून गेले. मगे खोलीचो हिशोब कोण देतलो?"

सबनीस सही करून वर आले.

दुसऱ्या दिवशी ते घाटकोपरला गादी-पलंगांच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे श्रुतिका नावाची मुलगी होती. तिच्या कोटावर 'स्लीप कन्सल्टंट' असं लिहिलं होतं. झोपण्याबाबत सल्ला देणारी माणसं सबनीसांच्या सोसायटीत भरपूर होती, पण कोट घातलेली पहिलीच.

"सिंगल? गेस्टरूमसाठी का, सर?"

"माझ्यासाठी."

"आणि मॅडम?"

"त्या नाहीत."

"ओके, नंतर येतील," असं म्हणून तिने वहीत काहीतरी लिहिलं. तिला समजावून सांगावं एवढा सबनीसांना जोर नव्हता. तिने त्यांना बूट काढायला लावले आणि रस्त्याकडच्या काचेला लागून ठेवलेल्या डबल बेडवर दहा मिनिटं झोपवलं. बाहेर बसथांब्यावरची माणसं आत पाहत होती. आयुष्यभर ज्याला बघून दुकानदार उठून उभे राहिले, तो माणूस मोज्यांनिशी भर बाजारात आडवा पडला होता.

मग तिने बेडच्या एका बाजूला पाण्याचा ग्लास ठेवला, दुसऱ्या बाजूला स्वतः बसली, उठली, परत बसली.

"बघा सर, पाणी हललं का?"

"नाही."

"म्हणजे पार्टनर पहाटे उठले तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

सबनीस ग्लासाकडे बघत राहिले. नीला पाणी भरायला सव्वापाचला उठायची. पलंग दोनदा करकरायचा, एकदा ती बसताना आणि एकदा उभी राहताना. दुसरी करकर आणि नळाचा आवाज यांच्या मध्ये सबनीसांना पुन्हा झोप लागायची. ती झोप सगळ्यात चांगली असायची.

"हा गुण आहे की दोष?" त्यांनी विचारलं.

"सर, सगळे ह्याचसाठी घेतात."

ते 'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडले.

दोन दिवसांनी चार वाजता माणिकताईंकडे चहा घेताना त्यांचा फोन वाजला. सबनीसांचा फोन कायम स्पीकरवर असतो, कारण तो स्पीकरवरून काढायचा कसा हे देवव्रत दर वेळी सांगतो आणि ते दर वेळी विसरतात.

"सबनीस सर, श्रुतिका बोलतेय. मॅडमना कधी घेऊन येताय? डबलवर ऑफर रविवारपर्यंतच आहे. परवा तुम्ही बोललात की मॅडम आल्या नाहीत म्हणून फोन केला."

माणिकताईंनी कपबशी खाली ठेवली.

"दुकानातली मुलगी आहे," सबनीस म्हणाले. "तिचा गैरसमज झालाय."

"झाला असेल," माणिकताई म्हणाल्या. "मी कोण विचारणारी? फक्त वर्ष तरी होऊ द्यायचं होतं, भावोजी."

संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजले उतरली. आणि ती जुळत होती, हीच तर पंचाईत. नीलाबाईंचा पलंग घराबाहेर जाणार, त्याचा फॉर्म परबांकडे होता. नवा येणार, त्याचाही फॉर्म परबांकडे होता. त्यात परबांच्या मेहुण्याने सबनीसांना घाटकोपरला काचेमागे डबल बेडवर झोपलेलं प्रत्यक्ष पाहिलं होतं, आणि बाजूला एक बाई बसत-उठत होती. परबांनी सोसायटीच्या ग्रुपवर उतारवयात सोबतीची गरज यावर एक लांबलचक लेख टाकला. त्याला सोळा जणांनी अंगठे दिले.

सबनीसांनी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून खुलासा लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' अशी सुरुवात, सात मुद्दे, खाली नाव आणि फ्लॅट नंबर. मग तळमजल्यावरून उत्तर आलं, "अभिनंदन काका." बहुधा त्यांनी पहिली ओळच वाचली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता समोरचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सबनीसांनी स्वतः चहा केला, आणि साखर कुठल्या डब्यात असते हे शोधताना तो उतू गेला. लोक काय म्हणतात याचं त्यांना फार नव्हतं. पण माणिकताई ही नीलाविषयी 'ती असं करायची' म्हणून बोलणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला वाटत होतं की सबनीस नीलाचा पलंग टाकून देतायत.

श्राद्धाला आठ दिवस राहिले. कुठलीही वस्तू हातातून सोडण्याआधी तपासायची, ही खात्याची शिस्त. दुपारी दोनच्या सुमारास सबनीस सपाटी तपासायची बुडबुड्याची पाणसळ आणि मोजपट्टी घेऊन बेडरूममध्ये गेले. त्यांनी उजवीकडची गादी उचलली. खाली एकसंध प्लाय, ठणठणीत. मग वळसा घालून डावीकडे आले, नीलाची उशी खुर्चीवर ठेवली आणि गादी उचलली.

इकडे प्लाय एकसंध नव्हता. दोन तुकडे होते आणि मधल्या जोडावर आडवी लाकडी पट्टी ठोकलेली. अंबादासला लाकूड कमी पडलं असणार. आणि त्या पट्टीवर बरोबर तिच्या मापाने एक जुनी सुती साडी घडी करून ठेवलेली होती. आठ पदरी घडी. इतकी वर्षं दाबली जाऊन ती पापडासारखी चपटी झाली होती.

साडी त्यांनी ओळखली. हिरवी, बारीक काठाची. 'ती बोहारणीला दिली' असं नीलाने सांगितलं होतं.

मग त्यांना सत्त्याण्णव साल आठवलं. नीला म्हणाली होती, "अहो, माझ्या बाजूला कमरेत काहीतरी टोचतं." सबनीसांनी रीतसर दखल घेतली होती. गादीवर पाणसळ ठेवली होती, तिला बोलावून दाखवलं होतं. "बघ. बुडबुडा मधोमध आहे. पलंग सपाट आहे. टोचणं हा तुझ्या मनाचा खेळ आहे." नीलाने बुडबुड्याकडे पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि पोळ्या करायला गेली. पुढे एक-दोनदा विषय निघाला. एकदा तिने नवा पलंग घेऊ या असंही म्हटलं. सबनीसांनी परत पाणसळ काढली. त्यानंतर विषय निघाला नाही.

त्यांनी आत्ताही पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध होता.

मग त्यांनी गादी खाली सोडली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा पलंगाच्या डाव्या बाजूला आडवे झाले. अंगाच्या वजनाने प्लायचे दोन्ही तुकडे खाली दबले. पट्टी जागच्या जागी राहिली, आणि साडी आणि गादी यांच्यातून वर येऊन बरोबर कमरेत रुतली.

सबनीस छताकडे बघत पडून राहिले. चौतीस वर्षं ते दुकानदारांना एकच वाक्य सांगत आले होते. वाणी रिकामा तराजू दाखवून 'बघा साहेब, काटा मधोमध आहे' म्हणायचा, तेव्हा ते म्हणायचे, "रिकामा काटा कुणाचाही बरोबर असतो. वजन ठेवून दाखव." या एका वाक्यावर त्यांनी अर्ध्या उपनगरातल्या लबाड वाण्यांना नोटिसा दिल्या होत्या. घरातला पलंग तपासताना मात्र त्यांनी तो रिकामाच तपासला होता. तक्रारदार स्वयंपाकघरात असताना.

आणि हाच पलंग ते तिला पाठवायला निघाले होते. इथे एकतीस वर्षं सोसलं, आता तिकडे कायमचं. तेही मंत्र म्हणून.

ते तासभर उठले नाहीत. उठले ते थेट घाटकोपरला गेले.

"मॅडम आल्या?" श्रुतिकाने विचारलं.

"माझी बायको वारली, बाळ. वर्ष होतंय. पलंग तिच्यासाठीच हवाय. दानात द्यायचा असतो."

श्रुतिकाने वही मिटली. "सॉरी सर. मी फोनवर पण बोलले."

"असू दे. आता मला झोपून बघायचंय. डाव्या बाजूला."

त्या दिवशी सबनीसांनी अकरा पलंग तपासले, आणि सगळे वजन ठेवून. स्वतः झोपले. मग दुकानाच्या वॉचमनला झोपवून पाणसळ लावली. वॉचमन सातव्या पलंगावर खरोखर झोपला, तेव्हा त्याला हलवून उठवावं लागलं, आणि सबनीसांनी तोच पलंग नक्की केला.

"सिंगल की डबल, सर?" श्रुतिकाने हळूच विचारलं.

सबनीसांनी विचार केला. नीला तिथे एकटी. पण आज ना उद्या आपणही जाणार, आणि तिथे गेल्यावर पुन्हा परबांसारख्या कुणाचा फॉर्म भरत बसायचं नाही.

"डबल," ते म्हणाले. "पण ग्लास हलला पाहिजे असा द्या. दुसरा माणूस उठला की कळलं पाहिजे."

असा पलंग दुकानात एकच होता, सगळ्यात जुन्या पद्धतीचा, जो कुणी घेत नव्हतं. योगायोगाने वॉचमन झोपलेला तोच. पावतीवर सबनीसांनी गिऱ्हाइकाचं नाव लिहायला सांगितलं, 'सौ. नीला नंदकिशोर सबनीस.'

श्राद्धाच्या दिवशी टेम्पो सोसायटीच्या फाटकात शिरला आणि चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. नवा कोरा डबल बेड. परब शर्टाची बटणं लावतच खाली आले.

"सबनीस, तुमची परवानगी सिंगलची आहे. हा डबल आहे."

"वर न्यायचाच नाहीये. पार्किंगमध्येच दान करायचंय."

"पार्किंगमध्ये दानासाठी वेगळा..." परबांची नजर पलंगाला चिकटवलेल्या पावतीवर गेली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. "नीलावैनींच्या नावान घेतलात?"

"तिच्या बाजूला टोचत होतं," सबनीस म्हणाले. "जुना कसा देणार?"

परबांनी कोपऱ्यात लावलेली स्वतःची स्कूटर ढकलत बाजूला नेली, म्हणजे पलंगाला जागा झाली. "करा तुमी," ते म्हणाले. "फॉर्म मी बघतंय."

निहार गुरुजींनी संकल्प सोडला. पलंगावर गादी, गादीवर उशी, छत्री, चपला, तांब्या. सबनीसांनी शेवटी पिशवीतून हिरव्या साडीसारखीच एक नवी सुती साडी काढून उशाशी ठेवली. "घडी घालून कुठे ठेवायची गरज नाही म्हणावं," ते पुटपुटले. "नेस म्हणावं." गुरुजींनी हा मंत्र कुठला, असं विचारलं नाही. पलंग टेम्पोत चढला आणि डोंबिवलीकडे निघाला. गुरुजी स्कूटरवरून मागोमाग, आणि हँडलला विसावी छत्री.

जिन्यात माणिकताई उभ्या होत्या. डोळे पुसून झाले होते, म्हणजे सल्ल्याची वेळ झाली होती.

"भावोजी, मग आता जुना काढा. सिंगल घ्या चांगला, वजन ठेवून बघून."

"एवढ्यात नको."

"अहो, पण त्यात टोचतं ना?"

"टोचतं. उजवीकडे नाही, डावीकडे." सबनीसांनी कुलूप काढलं. "आता थोडी वर्षं मी डावीकडे झोपणार आहे."

दुपारी ते डाव्या बाजूला आडवे झाले. चपटी साडी त्यांनी होती तिथेच ठेवली होती. पट्टी वर आली आणि कमरेत रुतली, नेमकी. त्यांनी कूस बदलली नाही.

चार वाजता माणिकताईंनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग दाराला कान लावला तेव्हा आतून घोरणं ऐकू आलं, इतकं मोठं की खालच्या गॅलरीतून परबांनी मान वर करून पाहिलं. माणिकताईंनी चहा झाकून ठेवला आणि तो सहा वाजता दुसऱ्यांदा गरम केला.

सोसायटीला मात्र अजून पूर्ण खात्री पटलेली नाही. तळमजल्याचं म्हणणं आहे, इतका गाढ झोपायला लागलाय माणूस, म्हणजे कुठेतरी काहीतरी ठरलेलं असणारच.